जुन्या ट्रॅक्टरची डिझेल टाकी व फीड पंप : हंगामापूर्वीची देखभाल



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी विभागाकडे ज्या तक्रारी येतात, त्यांत एक तक्रार दरसाल ठरलेली असते. तोड मिळाली, टोळी आली, ट्रॉली भरली, आणि ट्रॅक्टर बंद पडला. आपल्या सडक अर्जुनी भागातील बरेच ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षांचे आहेत, काही त्याहूनही जुने. त्यांना वर्षभर उसाचे काम नसते. पावसाळ्यात केजव्हील लावून धानाच्या बांध्यांत चिखलणी करायची, नंतर दिवाळीपर्यंत आंब्याच्या झाडाखाली उभे राहायचे, आणि मग एकदम भरलेली ट्रॉली ओढत महामार्गावर धावायचे, असा त्यांचा क्रम. इंजिन बिचारे धड असते. बिघाड असतो तो बहुधा डिझेलच्या वाटेत.

यात नुकसान कोणाचे? तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. त्यापुढे उसाचे वजन उडते आणि त्यातील साखर मोडू लागते. वजन घटले तर सभासदाचा तोटा. उतारा घटला तर कारखान्याचा, आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला असल्याने तोही फिरून सभासदाच्याच अंगावर येतो. सबब शेतकी विभागाने डिझेल टाकीवर लिहावे यात नवल वाटू नये.

ट्रॅक्टर झटके देऊन बंद पडला की पुष्कळदा पहिले निदान होते, ‘पंप गेला’. पंप जात नाही असे नाही. पण पंपाला हात लावण्यापूर्वी टाकी पाहावी. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. चिखलणीत ते चिखलाने बुजते. मग डिझेल कमी होईल तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल खाली उतरेनासे होते. खूण सोपी आहे. ट्रॅक्टर अर्धा तास उत्तम चालतो, मग दम तोडतो, थोडा वेळ उभा ठेवला की पुन्हा चालतो. अशा वेळी झाकण सैल करून बघा. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि इंजिन सुधारले, तर दोष झाकणाचा आहे. बारीक तारेने छिद्र मोकळे केले की काम झाले, खर्च शून्य. मूळ झाकण हरवले म्हणून कापडाचा बोळा किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे सभासदही आहेत. त्यातून एक तर हवा जात नाही, नाही तर पाणी आत जाते. नवे झाकण घ्यावे.

आता पाण्याविषयी. हा विषय आपल्या भागात जास्त महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे पाऊस भरपूर आणि हवा दमट. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की रिकाम्या भागातील दमट हवा रात्री गार होते व टाकीच्या पत्र्याला आतून दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते. तेथे पत्रा गंजतो. शिवाय पाणी व डिझेल जिथे मिळतात त्या पातळीवर एक प्रकारची बुरशी व जिवाणू वाढतात. फिल्टर उघडल्यावर काळा बुळबुळीत गाळ दिसतो तो पुष्कळदा हाच. यावर उपाय दोन. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवावी, म्हणजे हवेला जागाच उरत नाही. रोजच्या कामातही डिझेल सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरावे. दुसरे म्हणजे, रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीचा खालचा ड्रेन बोल्ट सकाळी चालू करण्यापूर्वी उघडून अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व अर्धा तास ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहावे.

गाळ फार असेल तर टाकी उतरवूनच धुवावी. साबणाच्या पाण्याने आतून खळखळून धुवा, कडक उन्हात पूर्ण वाळवा, मग थोड्या स्वच्छ डिझेलने विसळून ते डिझेल फेकून द्या. पेट्रोलने टाकी धुवू नये. टाकी गळत असेल तर एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे, ती नीट ध्यानात घ्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. आत उरलेल्या डिझेलची वाफ वेल्डिंगच्या उष्णतेने पेटते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. नुसते पाण्याने विसळले म्हणजे भागले असे समजू नये. हे काम ज्याला टाकी वाफेने धुऊन, पाणी भरून वेल्डिंग करण्याची सवय आहे, त्याच्याकडूनच करून घ्यावे. गंजाने पत्रा चाळणी झाला असेल तर डागडुजी सोडून टाकीच बदलावी.

डिझेल साठवण्याबाबत एक सूचना. जस्ताच्या पत्र्याच्या बादल्या व पिंपे डिझेलसाठी वापरू नयेत. डिझेलमधील आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर बंद करतो. कॅनमधून टाकीत ओतताना जाळीचे नरसाळे असावे. कॅनच्या तळचे शेवटचे चार बोटे डिझेल टाकीत ओतू नये.

टाकी, झाकण, फिल्टर ठीक आहेत, तरी इंजिन ओढीला बसते, मग मात्र फीड पंपाकडे वळावे. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे मोठ्या डिझेल पंपाला पुरवणे एवढेच या छोट्या पंपाचे काम. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरवर तो दोन प्रकारचा आढळतो. एक इंजिनच्या अंगाला दोन बोल्टांनी बसवलेला पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा. त्याची दांडी आतल्या कॅमवर चालते. दुसरा मोठ्या पंपालाच चिकटलेला दट्ट्याचा. ज्या ट्रॅक्टरची टाकी बॉनेटखाली इंजिनच्या वर असते, तेथे गंमत अशी की फीड पंप निकामी झाला तरी टाकी भरलेली असताना कळतच नाही, डिझेल उतारानेच येत राहते. टाकी अर्ध्यावर आली, चढ लागला, की ट्रॅक्टर रडू लागतो.

डायफ्राम फाटल्याची सर्वांत वाईट खूण डिपस्टिकवर दिसते. इंजिन ऑइल कमी होण्याऐवजी वाढते! काही मंडळींना हे पाहून आनंद होतो. प्रत्यक्षात डिझेल गळून चेंबरमध्ये ऑइलमध्ये मिसळत असते. ऑइल पातळ होते, बेअरिंग खातात, आणि छोट्या पंपाच्या दुर्लक्षापायी इंजिन खोलावे लागते. डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर ट्रॅक्टर त्याच दिवशी थांबवावा. पंप बदलावा व ऑइलही फिल्टरसह बदलावे. दट्ट्याच्या पंपातही दांडीचे सील गेले तर डिझेल मोठ्या पंपाच्या ऑइलमध्ये उतरते, तेव्हा तेथील ऑइलची पातळीही पाहावी.

पंप खरोखर कमजोर आहे का, हे पाहण्यासाठी त्याची बाहेर जाणारी नळी सोडून तोंडाशी बाटली धरावी व स्टॉप ओढून इंजिन सेल्फने फिरवावे. डिझेलची जोरकस पिचकारी ठराविक अंतराने यावी. नुसते ओघळत असेल तर पंप गेला.

डायफ्रामचा पंप बदलणे अवघड नाही. टाकीचा कॉक बंद करा, भोवतालची माती ब्रशने काढा, नळ्या सोडा, दोन बोल्ट काढा. जुने पॅकिंग खरवडून काढा. नवे त्याच जाडीचे असावे, कारण पॅकिंग जाड झाले की दांडीचा ठोका कमी होतो. पंप बसवताना तो अंगाशी टेकत नसेल तर समजावे की कॅमचा उंचवटा समोर आहे. बोल्ट जबरीने आवळू नयेत, इंजिन हाताने थोडे फिरवावे. दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळावेत. बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. बारीक हवा तेथूनच शिरते. पंप विकत घेताना जुन्या पंपाच्या पट्टीवरील पार्ट नंबर पडताळावा, ‘सेम टू सेम’ या शब्दावर जाऊ नये.

यानंतर एअर काढायची. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर मारावा. बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत मारत राहावे. मग पुढचा स्क्रू, मग मोठ्या पंपाचा. क्रम टाकीकडून नोजलकडे, उलटा नाही. नोजलच्या नळीशी मात्र चालू इंजिनवर हात नेऊ नका. तेथे दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीत घुसते. वर टाचणीएवढी जखम दिसली तरी तत्काळ दवाखाना गाठावा.

मोठा डिझेल पंप गावात उघडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील दट्ट्या व नळकांडे यांत दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनचा. तो पंप कॅलिब्रेशनच्या टेबलावरच तपासला जावा. डिझेलमध्ये रॉकेल किंवा अन्य काही मिसळण्याचाही मोह टाळावा. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ चे डिझेल आहे, त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत कमाल १० भाग. गंधक काढताना डिझेलचे वंगण कमी होते, म्हणून ते भरून काढणारे द्रव्य त्यात मिसळलेले असते. रॉकेल घातले तर हा वंगणपणा जातो आणि पंप खातो.

थोडे मोटारसायकल व पेट्रोल गाड्यांविषयी, कारण तो माल आपल्या उसाचा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ साली सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मनमाड व मिरज ही ठिकाणे होती. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. मळी, उसाचा रस, तसेच तांदळापासूनही ते बनते, म्हणजे आपल्या भागाच्या दोन्ही पिकांशी त्याचा संबंध आहे. ते वाढावे हे आपल्या हिताचेच. परंतु हिताचे आहे म्हणून जुन्या गाड्यांचा त्रास झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळे होतात. पेट्रोल कॉकमधून पहिल्यांदा तेच उतरते आणि गाडी चालू होत नाही. जुने रबरी पाइप, पॅकिंग व पंपाचे पडदे त्याने फुगतात किंवा कडक होतात. ॲव्हरेजही थोडे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के व चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट सांगितली आहे. तेव्हा जुन्या गाडीचे पाइप व पॅकिंग इथेनॉलला टिकणाऱ्या जातीचे घालावेत, आणि महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल साठवून ठेवू नये. टाकीतच विजेचा पंप असलेल्या गाड्या सतत रिझर्व्हवर चालवू नयेत. तो पंप पेट्रोलनेच गार राहतो.

वाहतुकीसाठी ट्रॅक्टरची नोंद करणाऱ्या सभासदांनी पहिली खेप भरण्यापूर्वी वरील तपासणी करून घ्यावी. टूलबॉक्समध्ये एक जादा फिल्टर, चार-सहा तांब्याचे वॉशर, हातभर डिझेल पाइप, दोन क्लिपा व लागणारे पाने असावेत. भरलेली ट्रॉली रात्री महामार्गावर बंद पडल्यास प्रथम मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवावा, कारण कोहमाऱ्याच्या दोन्ही अंगांना ट्रकची वर्दळ रात्रभर असते. त्यानंतर लगेच चिटबॉयला किंवा गट कार्यालयाला फोनने कळवावे, म्हणजे ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडून त्याच पाळीत काट्यावर आणता येईल.