शेतगाड्यांतील मोटारीचे अवशेष : उत्तर अमेरिकेतील एक अभ्यासविषय

उत्तर अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील शेतमळ्यांवर, कोठाराच्या आडोशाला किंवा बांधाच्या कडेला, गवतात रुतलेली एखादी जुनी ट्रेलरगाडी अद्यापही दृष्टीस पडते. वरचा लाकडी साटा कुजलेला असतो, दांडी मोडलेली असते. परंतु खाली वाकून पाहिल्यास तिचा आंस कोणा सुताराच्या अगर लोहाराच्या हातचा नसून एखाद्या मोटारीचा आहे, असे ध्यानात येते. जुन्या मोटारींची पुनर्बांधणी करणारे लोक अशा गाड्यांचा शोध घेत असतात. हा उद्योग वरवर पाहता केवळ छंदाचा वाटला, तरी त्यात धातुविद्या, यंत्ररचना आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेचा इतिहास हे तीनही विषय एकत्र येतात, आणि शेवटी वस्तूंच्या जतनाविषयीचा एक अवघड प्रश्नही उभा राहतो.

मोटार शेतगाडीत कशी शिरली, हे प्रथम पाहिले पाहिजे. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. आरंभी ८५० डॉलर असलेली तिची किंमत पुढे उतरत गेली, आणि १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत साधा प्रकार २६० डॉलरांना मिळू लागला. १९२० च्या शिरगणतीत अमेरिकेतील सुमारे ३० टक्के शेतमळ्यांवर मोटार असल्याची नोंद झाली. ट्रॅक्टर मात्र त्या मानाने फारच थोड्या ठिकाणी होता. म्हणजे तेथील शेतकऱ्याच्या हाती इंजिनावर चालणारे वाहन आले ते बहुधा मोटारीच्या रूपाने. रोनाल्ड क्लाइन व ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात असे दाखविले आहे की, या शेतकऱ्यांनी मोटार जशीच्या तशी स्वीकारली नाही. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकडे कापायची, धान्य दळायचे, पाणी उपसायचे, अशी नाना कामे त्यांनी तिच्याकडून करून घेतली. मोटारीचे तुकडे करून तिची गाडी बनविणे, ही याच वृत्तीची पुढची पायरी होय.

त्या पायरीला निमित्त झाले १९२९ नंतरच्या मंदीचे. धान्याचे भाव कोसळले आणि दारात उभ्या असलेल्या मोटारीत पेट्रोल घालणेही परवडेनासे झाले. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत शेतकऱ्यांनी इंजिन काढून टाकून मोटारीला घोडे जुंपले, आणि १९३० ते १९३५ या काळात पंतप्रधान असलेल्या आर. बी. बेनेट यांच्या नावाने त्या वाहनास ‘बेनेट बगी’ म्हणू लागले. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोटारीचा मागचा अर्धा भाग कापून, त्यास दांड्या लावून खेचर जुंपीत. ती ‘हूव्हर कार्ट’ होय. सत्ताधाऱ्यावरचा रोष लोकांनी गाडीला नाव देऊन व्यक्त केला, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनीही टिपून ठेवण्याजोगी आहे.

दुसरे कारण तांत्रिक होते. १९३२ साली ॲलिस-चामर्स कंपनीने हवेच्या टायरांचा ट्रॅक्टर बाजारात आणला आणि ट्रॅक्टर रस्त्यावरून वेगाने जाऊ लागला. लोखंडी धावेची, वंगण थापलेल्या साध्या आंसाची घोडागाडी त्या वेगाला टिकणारी नव्हती. मोटारीच्या आंसाला मात्र फिरती बेअरिंगे, रबरी टायर आणि कमानपाटे असा सारा सरंजाम आयता होता, आणि भंगारातील मोटार कवडीमोलाने मिळे. पुढे युद्धकाळात, १९४२ च्या उन्हाळ्यात नेब्रास्का राज्यात सुरू झालेली भंगारमोहीम त्याच वर्षी देशभर पसरली, आणि निकामी पडलेल्या असंख्य मोटारी भट्टीत गेल्या. रोजच्या कामात असलेल्या शेतगाडीला ते भय कमी होते. ज्या तोडफोडीने मोटार नष्ट झाली, तिनेच मोटारीचा आंस वाचविला, असा हा विलक्षण योग आहे.

आता यंत्ररचनेकडे वळू. अशा गाडीत काय सापडेल आणि ते कोणत्या स्थितीत असेल, हे मूळ आंसाच्या घडणीवर अवलंबून असते. मोटारींचे मागचे आंस स्थूलमानाने दोन जातींचे. एका जातीत चाकाचा भार आंसाच्या बाह्य आवरणावर पडतो आणि आतला दंड केवळ फिरविण्याचे काम करतो. दुसऱ्या जातीत चाक थेट दंडाच्या टोकावर बसविलेले असते, व भार वाहणे आणि फिरविणे ही दोन्ही कामे त्या दंडाकडेच असतात. पहिल्या जातीच्या आंसातून शेतकरी आतले दंड उपसून टाकी, कारण ओढल्या जाणाऱ्या गाडीला त्यांचा काहीच उपयोग नसे. आवरण आणि तुंबे तेवढे उरत. दुसऱ्या जातीत दंड काढला तर चाकच निखळेल, म्हणून तो आत राही. मॉडेल टीचा आंस या दुसऱ्या जातीचा आहे. त्यामुळे तिच्या शेतगाडीत दंड, डिफरन्शिअल आणि मोठे दातेरी चक्र ही सर्व मंडळी सहसा सापडतात; इंजिनाकडून येणारा दंड व त्याचे नळीसारखे आवरण मात्र मध्येच कापलेले असते.

दंड मिळाला म्हणजे तो वापरण्यायोग्य आहे, असे मात्र नव्हे. मूळ मोटारीचे वजन अर्ध्या टनाहून थोडेसेच अधिक. तिच्या आंसावर पुढे धान्याने वा लाकडाने शिगोशीग भरलेला साटा अनेक वर्षे लादला गेला. फिरणाऱ्या दंडावर वाकविणारा भार पडला म्हणजे प्रत्येक फेऱ्यात त्याचा पृष्ठभाग एकदा ताणला व एकदा दाबला जातो, आणि धातू थकतो. तडा सुरू होतो तो बहुधा चावीच्या खाचेपाशी किंवा निमुळत्या टोकाच्या मुळाशी. हा तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही. भेदक रंगद्रवाने अगर चुंबकीय चूर्णाने तपासल्यावाचून असा दंड पुन्हा रस्त्यावर आणणे, हा जिवाशी खेळ आहे. शिवाय या आंसातील हायट बेअरिंगचे वेटोळ्या पट्टीचे रूळ थेट दंडावरच फिरतात, म्हणून तेथे दंडाची झीज मोजणे आवश्यक असते. (या बेअरिंगच्या कारखान्याचे चालक आल्फ्रेड स्लोन हे पुढे फोर्डच्या प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले, फोर्डला माल विकता विकता त्यांनी तो धंदा आतून पाहिला होता.)

डिफरन्शिअलमधील बॅबिट धातूच्या चकत्यांविषयी विशेष सांगितले पाहिजे. अक्षाच्या दिशेने येणारा दाब सोसण्यासाठी बसविलेल्या या चकत्या कालांतराने भुगा होऊन जातात. चकती गेली की दातेरी चक्र सरकते आणि त्याचे दाते लहान चक्राच्या दात्यांपासून सुटतात. मॉडेल टीचा पायाने दाबावयाचा ब्रेक चाकावर नसून इंजिनामागील गिअरपेटीत आहे. त्याची पकड याच दात्यांमार्फत चाकापर्यंत पोहोचते. दाते सुटले की ब्रेकही गेला. शेतगाडीला याची फिकीर नव्हती. परंतु तोच आंस उताराच्या रस्त्यावर मोटारीखाली आला म्हणजे अर्थ बदलतो. म्हणून जाणते कारागीर अशा आंसातील बॅबिटच्या चकत्या न पाहताच टाकून देतात आणि काशाच्या बसवितात.

पुढच्या आंसाची कथा निराळी आहे. चारचाकी गाडीत तो पुढे बसवून, ओढण्याची दांडी चाके वळविणाऱ्या सळईला जोडीत. दांडी वळली की चाके वळत. घोडागाडीत सबंध आंसच मध्यखिळीभोवती फिरतो, त्या मानाने ही रचना अधिक स्थिर. तोच आंस मागच्या बाजूस किंवा दुचाकी गाडीत वापरायचा झाला, तर मात्र चाके वळता कामा नयेत. म्हणून शेतकरी वळणारे सांधे वेल्डिंग करून कायमचे बांधून टाकी. शोधकाची निराशा होते ती येथे. फोर्डने हा आंस व्हॅनेडियमयुक्त पोलादाचा, घडवून आणि उष्णतासंस्कार करून बनविला होता. वेल्डिंगच्या ज्योतीने त्या संस्काराचा नाश होतो, आणि पुढे सांधा कापून कितीही सफाईने घासला, तरी गेलेले बळ परत येत नाही. वाकलेला आंस लाल तापवून सरळ करण्याचा मोहही याच कारणास्तव टाळावयाचा असतो. तो थंड अवस्थेतच दाबयंत्राखाली सरळ करतात.

चाके सोडविताना तुंबा निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. दंडाच्या टोकावर घण घातल्यास आटे चिरडतात व तुंबा जागचा हलत नाही. त्यासाठी ओढयंत्रच पाहिजे. पुढच्या डाव्या चाकाचे आटे उलटे असतात, ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने कित्येक चांगले स्पिंडल नासले आहेत. गंज काढण्यास धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात कमी दाबाचा एकदिश विद्युत्प्रवाह सोडण्याची रीत सोयीची आहे. गंजलेली वस्तू ऋण टोकाला जोडावी, आणि धन टोकाला साधे लोखंडच लावावे. स्टेनलेस पोलाद लावल्यास क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरतात. कडक केलेल्या कमानपाट्यांना मात्र ही रीत वापरू नये, कारण सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो.

लाकडी चाकांची स्थिती सहसा वाईटच. हिकरीच्या आऱ्यांचे हे चाक आपल्याकडील बैलगाडीच्या चाकाचे दूरचे भावंड शोभते. फरक इतकाच की, आऱ्यांची पाचरीसारखी मुळे लाकडी तुंब्यात न ठोकता लोखंडी तबकड्यांमध्ये आवळलेली असतात. आरे कुजले तरी तबकड्या व रिम कामास येतात.

आंस कोणत्या मोटारीचा, हे ओळखणे हेही शास्त्रच आहे. मॉडेल टीच्या चाकांतील अंतर ५६ इंच. परंतु दक्षिणेकडील कच्च्या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या ६० इंचांच्या असल्यामुळे त्या राज्यांसाठी फोर्डने काही वर्षे तेवढ्या रुंदीचे आंसही पुरविले. पुढच्या आंसाला धरणारा दुबेळक्या दांडा आंसाच्या वरच्या बाजूस जोडलेला असेल तर तो १९१९ पूर्वीचा, आणि खालच्या बाजूस असेल तर नंतरचा. तारांची चाके फोर्डने १९२६ पासून दिली. इतर मोटारींच्या बाबतीत काम अधिक कठीण होते, कारण त्या काळी अनेक लहान कारखाने टिमकेन किंवा सॉल्सबरी यांसारख्या कंपन्यांकडून आंस विकत घेऊन गाड्या जुळवीत. एकाच घडणीचा आंस निरनिराळ्या नावांच्या गाड्यांखाली सापडतो. आंसावरील नाव हे आंस बनविणाऱ्याचे असते, मोटारीचे नव्हे. या कारणाने, सापडलेल्या एका आंसावरून ‘अमुक दुर्मीळ मोटार मिळाली’ असे म्हणून तिच्याभोवती नवी गाडी उभारणे, हे इतिहासाच्या दृष्टीने बनावट दस्तऐवज तयार करण्यापेक्षा फारसे वेगळे नाही.

याच ठिकाणी जतनाचा प्रश्न उपस्थित होतो. १९३० च्या दशकात तोडलेली मोटार आणि तिची बनविलेली शेतगाडी, यांतील खरी ऐतिहासिक वस्तू कोणती? जुन्या वाहनांच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेली ट्युरिनची सनद वाहनाच्या पुढील आयुष्यात झालेल्या बदलांनाही पुराव्याचे मोल देते. या कसोटीने पाहता मॉडेल टीच्या आंसासाठी एखादी अभंग शेतगाडी मोडणे समर्थनीय ठरत नाही. मॉडेल टी विपुल उरल्या आहेत आणि तिचे बहुतेक भाग नव्याने तयार होऊन विकत मिळतात. मंदीच्या काळातील, मालकाने स्वहस्ते जुळविलेली आणि मूळ दांडीसाट्यासह टिकलेली गाडी त्या मानाने दुर्मीळ आहे. आपल्या काळात ती कोणाला जपून ठेवण्याजोगी वाटली नव्हती. कॅनडातील सस्कॅचेवन प्रांताच्या वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियमने बेनेट बगी जतन केली आहे, ती याच दृष्टीने. उलटपक्षी, साटा संपूर्ण नष्ट झालेला आहे आणि खाली एखाद्या नामशेष कारखान्याचा, अन्यत्र न मिळणारा आंस आहे, अशा वेळी तो सोडविण्यास हरकत घेता येणार नाही. तेव्हाही सुट्या करण्यापूर्वी गाडीची छायाचित्रे व मापे घ्यावीत, कापल्याच्या व जोडल्याच्या खुणा नोंदवाव्यात, आणि ती कोणत्या मळ्यावर, कोणत्या कामासाठी वापरली जात होती हे मालकाच्या कुटुंबीयांकडून विचारून लिहून ठेवावे. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. बाजारात आंस येतो तो बहुधा धुऊन, रंगवून आणि पूर्वेतिहासावाचून.

महाराष्ट्रातील अभ्यासकास या विषयाचे एक जवळचे रूप परिचित आहे. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांना मोडीत निघालेल्या मोटारवाहनांचे आंस बसविण्याची प्रथा आहे. बंगलोर येथे एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, त्यात भर होता तो बैलांवरील ओझे, गाडीचे घर्षण आणि चाकांची रचना यांवर. गाडीखालचा आंस कोणत्या वाहनातून आला, कोणत्या गावच्या कारागिराने तो कापला आणि बैलाच्या उंचीशी त्याचा मेळ कसा घातला, या प्रश्नांची उत्तरे मिळण्याची जागा म्हणजे गळिताच्या हंगामात कारखान्याच्या आवारात लागणारी गाड्यांची रांग, आणि रस्त्याकडेची वेल्डिंगची दुकाने.