लाटेक अपग्रेड केलं आणि प्रबंध रांगायला लागला

प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आली आहे. कोणीतरी सुचवलं म्हणून तुम्ही टेक लाइव्हची यंदाची आवृत्ती टाकली, आणि काल आठ-दहा सेकंदांत निघणारी पीडीएफ आता काही मिनिटं घेते आहे. वैतागून सगळं उडवण्याआधी जरा थांबा. हा मंदपणा दोन जातींचा असतो आणि त्यातली एक जात आपोआप जाते.

गंमत म्हणजे या सगळ्याच्या पोटातला डोनाल्ड क्नूथ यांचा मूळ टेक प्रोग्रॅम आता जवळजवळ बदलतच नाही. त्याचे आवृत्ती क्रमांक ‘पाय’ या संख्येकडे सरकतात. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ वर पोचला. दरवर्षी बदलतो तो भोवतीचा पसारा: एंजिनं, पॅकेजेस, फॉन्ट. आपला वेळ बहुतेकदा या फॉन्टपाशी जातो.

जुन्या पीडीएफलाटेकला अक्षराचा आकार कसा आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला लागतात मुख्यतः मापं (रुंदी, उंची, ओळीखालची खोली) आणि ती छोट्या तक्त्यांत आधीच तयार असतात. लुआलाटेकला मात्र तुमच्या संगणकावरचा कुठलाही ओपनटाइप फॉन्ट चालतो. त्याची किंमत अशी की तो फॉन्ट उघडून त्यातली शेकडो-हजारो चिन्हं आणि ती जोडण्याचे नियम वाचावे लागतात. शिवाय संगणकावर कोणते फॉन्ट आहेत याची यादीही बनवावी लागते. दर वेळी हे परवडणार नाही, म्हणून वाचलेलं सगळं तो एका कॅश फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. हे फोल्डर टेक लाइव्हच्या प्रत्येक वर्षाचं वेगळं असतं. नवी आवृत्ती म्हणजे कोरी पाटी.

तेव्हा आधी एवढंच करा: तीच फाइल लागोपाठ दोनदा कंपाइल करा आणि घड्याळ लावा. दुसऱ्या वेळी काम झटकन झालं तर कॅश तयार होत होती, दुखणं संपलं.

दुसरी वेळही तितकीच रखडली तर? विद्यापीठाच्या सामायिक संगणकावर काम करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. कॅश फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नसेल तर लुआलाटेकला वाचलेलं तिथे साठवून ठेवता येत नाही. होम फोल्डर नेटवर्कवर असेल तरी शेकडो बारक्या फाइली तिथून आणण्यात वेळ जातो. टी-ई-एक्स-एम-एफ-व्ही-ए-आर या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये स्थानिक डिस्कवरच्या, तुम्हाला लिहिता येईल अशा फोल्डरचा पत्ता द्या.

मग लॉग फाइलची पहिली ओळ वाचा. कोणतं एंजिन चाललं ते तिथे लिहिलेलं असतं. सोबत एडिटरही नवा घेतला असेल तर नकळत पीडीएफलाटेकच्या जागी लुआलाटेक आलेलं असू शकतं, आणि ते, विशेषतः युनिकोड-मॅथ पॅकेजसोबत, कायमच सावकाश चालतं. प्रबंध इंग्रजीत असेल आणि खास फॉन्टची हौस नसेल तर माझ्या मते पीडीएफलाटेकच बरं. मराठीत गणित लिहिणाऱ्यांना मात्र झीलाटेक किंवा लुआलाटेकच हवं. लुआलाटेक घेतलंत तर फॉन्टच्या पर्यायांत हार्फबझ रेंडरर निवडा. टेक लाइव्ह २०२० पासून तो एंजिनातच आहे, आणि जोडाक्षरं व वेलांट्या नीट बसतात.

टिकझेडच्या आकृत्या हा वेगळा विषय. त्या प्रत्येक फेरीत नव्याने आखल्या जातात आणि त्यांचा दोष उगाच अपग्रेडवर येतो. आकृत्या तात्पुरत्या बंद करून वेळ मोजला की कळेल. जुन्या ऑक्स फाइलीही पुसून टाका. नव्या पॅकेजांना त्या कधीकधी पचत नाहीत.

एवढं करूनही जमलं नाही आणि हातात चारच दिवस असतील, तर मागे फिरायला लाजू नका. टेक लाइव्हच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने घातलं असेल तर प्रत्येक वर्षाची आवृत्ती आपापल्या फोल्डरात नांदते. गेल्या वर्षीची तुम्ही पुसली नसेल तर ती अजून तिथेच आहे, फक्त पाथ बदलायचा. उबुंटूच्या पॅकेजांतून घेतलं असेल तर ही सोय नाही. ओव्हरलीफवर मात्र प्रत्येक प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये टेक लाइव्हचं वर्ष निवडता येतं.