सोडून दिलेला मासा जगतो का?

आधी एक साधं गणित करू या. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर एका सकाळी दोन जण आपापली कयाक घेऊन समुद्रात गेले. पहिल्याने नियमात बसणारा एक मासा धरला, बर्फात ठेवला आणि परत फिरला. दुसऱ्याने दुपारपर्यंत २५ मासे गळाला लावले आणि सगळेच्या सगळे परत पाण्यात सोडले. कोणाच्या हातून जास्त मासे मेले?

आपण पटकन म्हणू, पहिल्याच्या. पण सरासरीचा हिशोब मांडला तर दुसऱ्याच्या हातून दोनाहून थोडे जास्त मासे मेलेले असतात. त्याला ते दिसत नाहीत, एवढंच. मासा शेपटी मारून खाली निघून जातो. मरायचा असेल तर नंतर, कधी काही तासांनी तर कधी काही दिवसांनी मरतो.

या न दिसणाऱ्या मरणावर मत्स्यशास्त्रात बरंच काम झालं आहे. मासा सोडणारा माणूस त्याला आपला चांगुलपणा समजतो, आणि माशांची मोजदाद करणारे लोक त्याच चांगुलपणाच्या पुढे एक आकडा लिहितात. हा आकडा येतो कुठून, आणि कयाकमध्ये बसलेल्या माणसाला तो कमी करता येतो का, ते आज बघू.

दोन मासे, दोन स्वभाव

या किनाऱ्यावर कयाकवाल्यांचे लाडके मासे दोन: स्ट्राइप्ड बास आणि ब्लूफिश.

स्ट्राइप्ड बासच्या चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा असतात. हा मासा ३० वर्षांपर्यंत जगू शकतो. राहतो समुद्रात, पण अंडी घालायला वसंतात नदीत शिरतो. आपल्या रायगडच्या जिताड्याचं याच्या बरोबर उलट असतं. तो गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि प्रजननासाठी खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतो. स्ट्राइप्ड बासची मोठी जन्मस्थानं म्हणजे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या, डेलावेअर आणि हडसन. त्यातही चेसापीकचा वाटा सगळ्यात मोठा. अंडी घातल्यावर मोठ्या माद्या किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला न्यू इंग्लंडपर्यंत जातात आणि थंडीच्या तोंडावर परत दक्षिणेला येतात. वाटेत त्यांचं आवडतं खाणं म्हणजे मेनहेडन, आपल्या तारलीच्या नात्यातला एक तेलकट मासा.

ब्लूफिश हा आपल्या कुळातला एकटाच उरलेला मासा. त्याचं प्रजनन खुल्या समुद्रात होतं, नदीशी त्याचा संबंध नाही. दात वस्तऱ्यासारखे. मेनहेडनच्या थव्यावर ब्लूफिश तुटून पडले की पाणी उकळल्यासारखं दिसतं आणि वर पक्ष्यांचा कल्ला सुरू होतो. साधी दोरी ते सहज तोडतात, म्हणून गळाच्या आधी तारेचा छोटा तुकडा लावावा लागतो.

कयाकच का?

कयाक स्वस्त पडते, गाडीच्या टपावर मावते आणि तिला धक्का लागत नाही. शिवाय इंजिनाचा आवाज नाही. भरती-ओहोटीचं पाणी खडकांवरून किंवा वाळूच्या दांड्यावरून वेगाने वाहतं तिथे स्ट्राइप्ड बास प्रवाहाकडे तोंड करून थांबतात आणि वाहत येणारं खाणं टिपतात. अशा उथळ जागी मोठी बोट न्यायची म्हणजे जोखीम, पण कयाक आरामात जाते. नॅरागान्सेट बे, बॉस्टनचं बंदर, लाँग आयलंड साउंड या सगळीकडे हे चालतं. न्यू जर्सी आणि स्टॅटन आयलंडच्या मधला रॅरिटन बे तर वसंतातल्या स्ट्राइप्ड बाससाठी प्रसिद्ध आहे. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना तो काही फार लांब नाही.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवते. एप्रिल-मेमध्ये बाहेर छान ऊन असतं, पण पाणी १० अंश सेल्सियसच्या आसपास असू शकतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिला सुमारे एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही आणि साधारण दहा मिनिटांत हातपाय नीट चालेनासे होतात. म्हणून कपडे हवा बघून न घालता पाण्याचं तापमान बघून घालायचे, आणि लाइफ जॅकेट मागे बांधून न ठेवता अंगात घालायचं.

नऊ टक्के आले कुठून?

१९९६ मध्ये डिओडाटी आणि रिचर्ड्स या दोन मत्स्यशास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध आला. मॅसॅच्युसेट्समध्ये खाऱ्या पाण्यात स्ट्राइप्ड बास गळाने धरून सोडले आणि नंतर त्यातले किती मेले ते मोजलं. एकूण मृत्यूचं प्रमाण निघालं ९ टक्के. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा एक संयुक्त मत्स्य आयोग आहे, तो आजही सोडलेल्या माशांच्या हिशोबात हाच आकडा वापरतो. वरच्या गणितातले २५ मासे गुणिले ०.०९ म्हणजे २.२५. "दोनाहून थोडे जास्त" ते हेच.

नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण कशाचे नऊ टक्के? हौशी मासेमार जितके स्ट्राइप्ड बास धरतात त्यातले सुमारे ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त परत सोडले जातात. २०२२ मध्ये असे सोडलेले मासे अंदाजे ३ कोटी होते. त्याचे ९ टक्के म्हणजे जवळजवळ २७ लाख. त्याच वर्षी घरी नेलेले मासे होते साधारण ३५ लाख. म्हणजे "सोडून दिले" या नावाखाली मेलेले मासे खाल्लेल्या माशांच्या जवळपास पाऊणपट!

याच निबंधातला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. परिस्थिती सगळ्यात चांगली असेल तर मृत्यूचं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत खाली येतं आणि सगळ्यात वाईट असेल तर २६ टक्क्यांपर्यंत वर जातं. म्हणजे आपल्या २५ माशांपैकी सरासरी एकही पुरा मरणार नाही, किंवा सहा-सात मरतील. नऊ हा निसर्गनियम नाही, ती सरासरी आहे. ती कुठल्या बाजूला झुकणार हे बऱ्याच अंशी दांडी धरणाऱ्या हातावर अवलंबून असतं.

माशाच्या शरीरात काय होतं?

पहिला प्रश्न गळ कुठे रुतला याचा. जबड्याच्या कोपऱ्यात रुतला तर जखम लहान असते. आमिषासकट पोटात किंवा कल्ल्यांत गेला तर रक्तस्राव होतो आणि वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. म्हणूनच २०२१ पासून या किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बाससाठी आमिष वापरताना सर्कल हुक सक्तीचा आहे. या गळाचं टोक आत, दांड्याकडे वळलेलं असतं. माशाने तो गिळला तरी दोरी ताणली गेली की गळ घशातून सरकत येतो आणि तोंडाच्या कोपऱ्याशी वळून अडकतो. फक्त दांडीला जोरात झटका द्यायची सवय सोडावी लागते, दोरी हळूहळू ताणू द्यायची.

दुसरा प्रश्न दमण्याचा. गळाला लागलेला मासा पांढऱ्या स्नायूंच्या जोरावर पळतो. हे स्नायू ऑक्सिजनशिवाय झटपट ऊर्जा काढतात आणि त्यातून लॅक्टेट साठतं, रक्ताची आम्लता वाढते. आपण जीव खाऊन १०० मीटर धावल्यावर होतं तसंच. फरक असा की आपण नंतर हवेत श्वास घेत उभे राहतो, आणि माशाला आपण नेमकं त्याच क्षणी श्वास घेता येणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे हवेत, धरून फोटो काढतो. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि ऑक्सिजन मिळणं जवळपास थांबतं.

तिसरा प्रश्न तापमानाचा. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी, आणि माशाची गरज मात्र जास्त. दोन्ही बाजूंनी कोंडी. चेसापीकसारख्या कमी खाऱ्या पाण्यात उन्हाळ्यात हे आणखी बिघडतं. त्यामुळे मेरीलंड राज्याने अलीकडच्या वर्षांत ऐन उन्हाळ्यात काही काळ स्ट्राइप्ड बासची मासेमारीच बंद ठेवली आहे, अगदी धरून सोडण्यासाठीसुद्धा.

नियम तीन इंचांचा का?

समुद्रात २०२३ पासून नियम असा आहे: माणशी रोज एक मासा, आणि तोही २८ ते ३१ इंच, म्हणजे साधारण ७१ ते ७९ सेंटिमीटर लांबीचा. त्याहून लहान सोडायचा, मोठाही सोडायचा.

लहान का सोडायचा हे सरळ आहे, त्याला अजून अंडी घालायची आहेत. मोठा का? कारण साडेपाच किलोच्या मादीच्या पोटात साधारण साडेआठ लाख अंडी असतात, तर २५ किलोच्या मादीच्या गाबोळीत ४० लाखांहून जास्त.

आणि एवढी अरुंद खिडकी का? यामागे पाळण्यांची गोष्ट आहे. मेरीलंडमध्ये १९५४ पासून दर उन्हाळ्यात ठरावीक जागी जाळं ओढून त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मोजतात. दीर्घकालीन सरासरी आहे एका ओढीला सुमारे ११ पिल्लं. २०२३ मध्ये हा आकडा होता १, आणि २०२४ मध्ये २. त्याआधीची काही वर्षंही अशीच वाईट गेली. थंड हिवाळा आणि भरपूर पाण्याचा वसंत असला की पिल्लं तगतात, कोरडे आणि उबदार हंगाम त्यांना मानवत नाहीत.

याउलट २०१५ चं वर्ष चांगलं गेलं होतं. २०२३ मध्ये ती आठ वर्षांची पिढी ३१ इंचांच्या आसपास पोहोचत होती आणि तेव्हाची वरची मर्यादा ३५ इंच होती. म्हणजे उरलेली एकमेव भरघोस पिढी नेमकी ताटात जाण्याच्या मापाची झाली होती. म्हणून मे २०२३ मध्ये तातडीचा निर्णय घेऊन वरची मर्यादा ३१ वर आणली.

हा मासा आधी एकदा बुडालेला आहे. १९८० च्या दशकात त्याची संख्या इतकी घसरली की १९८४ मध्ये खास कायदा करावा लागला, आणि मेरीलंडने १९८५ पासून पाच वर्षं मासेमारी पूर्ण बंद ठेवली. १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. २०१९ मध्ये आलेल्या अहवालात तो पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेलेला दिसला.

पण नियमाची गंमत अशी की खिडकी जितकी अरुंद तितके जास्त मासे सोडावे लागतात, आणि सोडलेल्या माशांचे ९ टक्के पुन्हा हिशोबात येतात. त्यामुळे कागदावरचा नियम पुरेसा पडत नाही, सोडण्याची पद्धतही बदलावी लागते.

कयाकवाल्याच्या हातात काय आहे?

कयाकचा एक मोठा फायदा म्हणजे आपण पाण्यापासून हातभर उंचीवर बसलेलो असतो. उंच बोटीत मासा वर ओढून घ्यावा लागतो, इथे तो पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढता येतो.

तोटाही आहे. कयाक हलकी असते, त्यामुळे मोठा मासा तिला चक्क ओढत नेतो. मजा येते खरी, पण जमिनीवर पाय रोवून जसा जोर लावता येतो तसा इथे लागत नाही आणि झुंज लांबते. उपाय म्हणजे जरा जाड दोरी आणि मजबूत दांडी वापरायची. काही जण दोन्ही पाय बाहेर पाण्यात सोडतात, म्हणजे कयाकला अडथळा होतो आणि मासा लवकर दमतो. "हलक्या दांडीवर अर्धा तास झुंज दिली" यात माणसाचं कौतुक असेल, पण त्याची किंमत मासा मोजतो.

बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत:

– कृत्रिम माशावरचे तीन तोंडांचे गळ काढून एकेरी गळ लावा आणि त्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. मांडीवर तडफडणारा ब्लूफिश आणि मोकळे गळ ही जोडी माणसासाठीही वाईट.

– हात ओले करूनच माशाला धरा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं संरक्षण असतं.

– स्ट्राइप्ड बासचा खालचा ओठ धरता येतो, तो खरखरीत असतो पण चावत नाही. ब्लूफिशच्या तोंडात बोट घालायचं नाही! फोटो हवाच असेल तर पोटाखाली दुसरा हात द्या, माशाला उभा टांगू नका. तोवर स्वतःचा श्वास रोखून धरा. आपल्याला दम लागला की त्यालाही लागलाय असं समजा.

– सोडताना तोंड प्रवाहाकडे ठेवून त्याला धरा, स्वतःहून निसटेपर्यंत.

– पाणी फार गरम असेल त्या दिवशी दुसरा मासा बघा, नाहीतर घरी थांबा.

खायलाच मासा हवा असेल तर ब्लूफिशचा विचार करावा. त्यालाही मर्यादा आहे, २०२० मध्ये ती माणशी १५ वरून ३ वर आणली गेली. त्यामुळे जाण्याआधी आपल्या राज्याचा चालू नियम बघायचा. मासा तेलकट, बांगड्याच्या तिखल्याची सवय असलेल्या जिभेला आवडेल असा. फक्त धरल्याबरोबर रक्त काढून बर्फात ठेवायला हवा, नाहीतर लवकर खराब होतो.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. किती मासे धरायचे ते किनाऱ्यावरच ठरवून निघायचं. पाच धरून सोडले तर ९ टक्क्यांनी सरासरी अर्धा मासाही मरत नाही. पंचवीस धरले तर दोन मरतात, सगळं नियमात बसूनसुद्धा. २०१५ च्या पिढीमागे भरघोस पिढी आलेली नाही. पुढच्या पिल्लांसाठी हवामान जुळून येईल तेव्हा नदीत शिरायला या माद्या जिवंत असाव्या लागतील. त्यांचं आयुष्य ३० वर्षांपर्यंतचं आहे, म्हणजे वाट बघण्याएवढा वेळ त्यांच्याकडे आहे.