बोधचिन्ह एकदाच, पण नीट काढावे

संस्थेचे बोधचिन्ह पावतीपुस्तकावर सुबक दिसते. पण तेच मोठे करून मंडपाच्या फलकावर छापले की कडा दातेरी होतात, असा अनुभव पुष्कळ कार्यकर्त्यांस आला असेल. छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ते वाढविले की ठिपकेच मोठे होतात. वेक्टर चित्रात मात्र रेषा कोठून निघाली व कशी वळली याचे गणित साठविलेले असते. आकार बदलला की संगणक ते गणित पुन्हा मांडतो, म्हणून कड रेखीव राहते.

अशी चित्रे काढण्याची इंकस्केप ही प्रणाली विनामूल्य मिळते. संस्थेच्या तिजोरीवर तिचा भार नाही. जुन्या शिक्क्याचे छायाचित्र खालच्या थरावर ठेवावे व वरच्या थरावर ते गिरवावे.

समजा, बोधचिन्हात समई आहे. तिच्या तबकडीसाठी लंबवर्तुळाचे साधन पुरते. ज्योतीसाठी लेखणी घ्यावी. माऊसने नुसती टिचकी दिली तर सरळ रेषा येते. बटण दाबून ओढले तर वक्ररेषा येते. या वक्ररेषेस रेनो मोटार कारखान्यातील अभियंते पिएर बेझिए यांचे नाव आहे. मोटारींच्या अंगांचे आकार आखण्यासाठी त्यांनी १९६० नंतरच्या दशकात ती वापरात आणली. ज्योतीला दोनच बिंदू पुरेत: खालचा गोलसर, वरचा टोकदार. प्रत्येक बिंदूला दांडे असतात. ते ओढले की वळण बदलते. नवशिका दहा-बारा बिंदू टाकतो आणि ज्योत खडबडीत होते. बिंदू जितके कमी, तितके वळण सफाईदार.

पुढे आतला रंग व बाह्यरेषा ठरवावी, आणि सर्व भागांचा एक गट बांधावा, म्हणजे हलविताना समई एकीकडे व ज्योत दुसरीकडे होणार नाही.

शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. छापखान्याच्या संगणकात आपला फाँट नसेल तर जोडाक्षरे फुटतात व संस्थेचे नावच अशुद्ध छापले जाते. म्हणून अक्षरांचे रेषांत रूपांतर करून पीडीएफ प्रत द्यावी. मात्र त्यानंतर अक्षरे टंकून दुरुस्त करता येत नाहीत. तेव्हा शुद्धलेखन आधी वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्यावे आणि मूळ एसव्हीजी प्रत दप्तरात निराळी जपावी.

घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने सुटीत एवढे काम मनावर घेतले, तर पुढील कार्यकारिणीस बोधचिन्ह शोधत जुनी पावतीपुस्तके चाळावी लागणार नाहीत.