यंत्र विद्यार्थ्याच्या हाती हवे

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आपण गेली तीस वर्षे सभासमारंभांतून ऐकत आलो आहोत. आता संगणकाच्या जोडीला टॅब्लेट, क्यूआर कोड, त्रिमितीय छपाई यंत्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची भर पडली आहे. गावच्या शाळेला कोणी मोठा टीव्ही संच भेट दिला, फीत कापली गेली, की शाळा ‘डिजिटल’ झाली असे आपण समजतो. समाजबांधवांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी येथे एक साधा प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते. ते यंत्र चालवते कोण? शिक्षक चालवतात आणि मुले हाताची घडी घालून बघतात, असे असेल तर फळ्याच्या जागी पडदा आला, एवढाच बदल झाला.

विद्यार्थिकेंद्री शिक्षण म्हणजे काय?

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात, मुलांनी कृतीतून व शोधातून शिकावे आणि शिकवण्याची पद्धत बालककेंद्री असावी, असे म्हटले आहे. म्हणजे प्रश्न मुलाचा, हात मुलाचे, आणि चुकल्यावर ते दुरुस्त करण्याची संधीही मुलाचीच. यात शिक्षकाचे महत्त्व कमी होत नाही. उलट उत्तर सांगून मोकळे होण्यापेक्षा, मुलाला उत्तरापर्यंत चालत नेणे हे अधिक कठीण काम आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत वाचन, लेखन व हिशेबाबरोबर शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडेही असावेत, अशी मागणी केली होती. शाळेतील विद्येचा मुलाच्या जगण्याशी संबंध असावा, ही मागणी इतकी जुनी आहे.

शेजारच्या पाबळचे उदाहरण

आमचे भांडगाव दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर, यवतजवळ आहे. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो आणि त्याच तालुक्यात पाबळ हे गाव आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. मुले शाळा सोडतात ती बुद्धी नसते म्हणून नव्हे, तर शाळेची पद्धत त्यांना मानवत नाही म्हणून, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे शाळा सुटलेल्या मुलांनाही तेथे प्रवेश मिळाला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशा चार विभागांत मुले प्रत्यक्ष काम करू लागली. वेल्डिंग करणे, विजेची जोडणी करणे, माती तपासणे, रक्तगट तपासणे ही कामे नुसती सरावासाठी नव्हती, ती गावाच्या उपयोगाची होती. प्रत्येक कामाचे माप, सामानाचा खर्च आणि रोजची नोंद लिहावी लागे. पुढे हाच अभ्यासक्रम ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयाच्या रूपाने माध्यमिक शाळांत, आठवी ते दहावीच्या वर्गांना, आठवड्यातून एक दिवस शिकवला जाऊ लागला.

याच पाबळला 2002 साली फॅब लॅब आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतून जगभर पसरलेल्या या कार्यशाळांपैकी ही अगदी सुरुवातीची होय. अशा कार्यशाळेत वस्तूचे चित्र संगणकावर काढतात आणि लेझरचे यंत्र त्या चित्राप्रमाणे लाकूड कापून देते. जगातील मोठ्या विद्यापीठात जे यंत्र होते, ते त्याच सुमारास शिरूर तालुक्यातील खेड्यातल्या मुलांच्या हाती आले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

एक पाठ असा होऊ शकतो

आमच्या भागात कालव्याचे पाणी, ऊस आणि गुऱ्हाळे आहेत. उसाला पाणी केव्हा द्यावे, हा घरोघरचा प्रश्न. सातवी-आठवीच्या मुलांनी मातीची ओल मोजायचे ठरवले असे समजा. धातूच्या दोन पट्ट्या मातीत खोचून त्यांतून बॅटरीची अल्प वीज सोडतात. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरड्या मातीतून कमी जाते. काही शे रुपयांत मिळणारी एक छोटी संगणक पट्टी हा फरक आकड्यात दाखवते. पण 600 हा आकडा आला, तर त्याचा अर्थ काय? ते यंत्र सांगत नाही. मग मुले 100 ग्रॅम ओली माती तोलतात, पूर्ण वाळवतात आणि पुन्हा तोलतात. ती 80 ग्रॅम भरली तर पाणी 20 ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या मानाने 25 टक्के ओल. असे पाच-सहा नमुने घेतले की आकडा आणि ओल यांचा आलेख तयार होतो.

यापुढची गंमत अधिक मोलाची आहे. खारवट जमिनीत क्षारांमुळे वीज जास्त वाहते, त्यामुळे ओल कमी असूनही आकडा मोठा येतो. येथे यंत्र फसले हे मुलांना कळते, आणि का फसले हेही त्यांनाच शोधावे लागते. टक्केवारी, आलेख, वीजवहन आणि मृदाशास्त्र हे चार धडे एका वाफ्यात शिकून होतात आणि ते पाठ करावे लागत नाहीत.

पडद्यावरचे शिक्षणही टाकाऊ नाही

याचा अर्थ मोबाइल किंवा चित्रफीत निरुपयोगी आहे असा नव्हे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. तो चौकोन मोबाइलने टिपला की कविता ऐकता येते, धडा पाहता येतो. वर्गात मागे पडलेले मूल तोच भाग घरी तीनदा ऐकू शकते, कोणी हसत नाही. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. 2020 साली डिसले गुरुजींना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली.

मात्र 2020-21 मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा मोबाइल नसलेल्या घरांतील मुले शिक्षणाबाहेर राहिली. जेथे घरात एकच मोबाइल होता, तेथे तो आधी कोणाला मिळाला, मुलाला की मुलीला, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतही सावधानता हवी. ती क्षणात उत्तर देते, पण ते उत्तर चुकीचेही असू शकते. ज्या मुलाने स्वतः माती तोलली आहे, तेच मूल मिळालेले उत्तर पडताळून पाहण्याचे धाडस करील.

एक रास्त शंका

हाताने काम करा, असे म्हटले की आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येते आणि ती रास्त आहे. गावकीची कामे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माथी मारली गेली आणि पाटी-पुस्तक दुसऱ्यांकडे राहिले. 1953 साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी सरकारने खेड्यातील मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे व उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. जातीचा धंदा जातीलाच चिकटवणारी म्हणून तिला प्रखर विरोध झाला आणि 1954 साली ती मागे घ्यावी लागली.

तेव्हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. जे काम जन्माने ठरते आणि ज्यात विचार करायला मनाई असते, ती गुलामगिरी. जे काम सर्व जातींची मुले-मुली एकत्र करतात, ज्यात माप, हिशेब आणि ‘असे का?’ हा प्रश्न असतो, ते शिक्षण. म्हणून गणित-विज्ञानाच्या ऐवजी कौशल्य, असा सौदा कोणी मांडला तर तो नाकारावा. गणित-विज्ञान समजण्यासाठी हातकाम, हा मार्ग मात्र जरूर धरावा.

आपण काय करावे?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत 2016 पासून निवडक शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत आले आहे. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जावे आणि संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे असते, मागच्या बाकावरचे मूल आठवड्यातून किती वेळा यंत्राला हात लावते, मुली पाना-पक्कड धरतात की फक्त वही लिहितात, हे विचारावे. आपल्यातील वायरमन, गवंडी, वेल्डर आणि परिचारिका यांनी शाळेत महिन्यातून एक तास द्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र बिघडेल या भीतीने दूर उभे राहू नका. ते कसे चालते हे विचारा, उघडून पाहा, मोजा आणि लिहून ठेवा. ज्यांच्या वाडवडिलांना पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्या नातवंडांना कपाटात बंद ठेवलेला संगणक दुरूनच पाहावा लागू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घेतली पाहिजे.