कॅमेऱ्याला लागलेली चाळिशी

‘मॅक्रो लेन्स परवडत नाही, चार क्लोज-अप फिल्टरांचा स्वस्त सेट घेऊ का?’ पावसाळ्यात अळ्या-फुलपाखरं दिसू लागली की हा प्रश्न हमखास येतो. फिल्टर जरूर घ्या, सेट नको.

हा फिल्टर म्हणजे कॅमेऱ्याचा चाळिशीचा चष्मा. नंबरसुद्धा तोच, डायॉप्टरचा. +२ म्हणजे अर्ध्या मीटरचं नाभीय अंतर, +४ म्हणजे पाव मीटरचं. जाहिरातीत +१० ला ‘दहापट’ म्हणतात, ती शुद्ध लोणकढी. लेन्स अनंतावर फोकस केली असेल, तर वर्धन काढायला साधा भागाकार पुरतो : लेन्सचं नाभीय अंतर भागिले फिल्टरचं. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर +४ लावला तर ५० भागिले २५०, जेमतेम एक पंचमांश. तोच ३०० वर लावा, १.२! सेन्सरवरची मुंगी खऱ्या मुंगीहून मोठी. शिवाय एक्स्टेन्शन ट्यूब खाते तसा हा प्रकाश खात नाही. लोक तो १८-५५ च्या किट लेन्सवर लावतात आणि हिरमुसतात. त्याची खरी जोडी लांब झूमशी.

स्वस्त सेटमधल्या एकेरी काचेचं एक दुखणं मात्र आहे. कढीपत्त्यावरची मॉर्मन फुलपाखराची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट अंगावर पांढरे डाग. त्या डागांच्या कडांना स्वस्त फिल्टर जांभळी-हिरवी किनार चढवतो. दोन-तीन फिल्टर एकावर एक चढवले की दोषही वाढतात.

भिंगांचा हा रंगदोष जाणारच नाही, असा न्यूटनचा निकाल होता. तो खोटा ठरवला एसेक्सच्या चेस्टर मूर हॉल या वकिलाने, १७३० च्या सुमारास. क्राउन काचेचं बहिर्गोल आणि फ्लिंट काचेचं अंतर्गोल भिंग त्याने जोडीने वापरलं. गुपित फुटू नये म्हणून दोन भिंगं लंडनच्या दोन वेगळ्या कारागिरांकडे टाकली. दोघांनीही काम पुढे सोपवलं, तेही एकाच माणसाला : जॉर्ज बास. दोन्ही भिंगं एकाच गिऱ्हाइकाची आहेत, हे त्याने ताडलं. पुढे १७५८ मध्ये या जोडीचं पेटंट मिळालं ते जॉन डॉलंड या भिंगकाराला. हॉल वकील असून गप्प राहिला! या पेटंटवरून झालेल्या १७६६ च्या खटल्यात त्याचं नाव निघालं, पण शोध दडवून ठेवणाऱ्याला न्यायालयाने श्रेय दिलं नाही, पेटंट टिकलं. पाठ्यपुस्तकांतही बहुधा डॉलंडच भेटतो.

हॉलची ती जोडी आज ‘अ‍ॅक्रोमॅट’ नावाने फिल्टरमध्ये मिळते. कॅननचा ५००डी (त्याच नावाच्या कॅमेऱ्याशी गल्लत नको) +२ चा, रेनॉक्सचा डीसीआर-२५० +८ चा. सेटपेक्षा महाग, मॅक्रो लेन्सपेक्षा बराच स्वस्त. २०० मिलिमीटरच्या लेन्सवर +२ लावला, तर एफ/८ लाही जेमतेम दोन-तीन मिलिमीटर स्पष्ट येतात. म्हणून फोकसची रिंग फिरवत बसू नका, कॅमेराच किंचित पुढे-मागे करा. आणि दुकानात जाण्याआधी लेन्सच्या पुढच्या कडेवर छापलेला व्यासाचा आकडा टिपून घ्या.