वाट एक, चाल दोघांची

यवतमाळ जिल्ह्यातून निघालेल्या सर्वांत गाजलेल्या पायी प्रवासाची नोंद एका वाघाच्या नावावर आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या तरुण नराच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवली गेली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यानं घर सोडलं. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे पालथे घालत वर्षअखेरीस तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली, तोवर त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली होती. पुढं जगानं त्याला ‘वॉकर’ हे नाव दिलं. टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटरचं. तिथं जागेची वाटणी आधीच झालेली, म्हणून स्वतःचं क्षेत्र आणि जोडीदार शोधायला तो निघाला, असा अभ्यासकांचा कयास. ज्ञानगंगेत त्याला जागा मिळाली, जोडीदार मात्र मिळाला नाही. तिथं एखादी वाघीण आणून सोडावी का, याचीही चर्चा झाली, पण ते घडलं नाही.

माणसाचं याच्या उलट आहे. त्याला जोडीदार आधी मिळतो आणि लांबची वाट पुढं कधीतरी लागते. संसाराची वीस-तीस वर्षं सरल्यावर दोघं एकदा म्हणतात, ‘चला, पायी जाऊन येऊ.’ परदेशात यासाठी खुणा रंगवलेल्या, नकाशे छापलेल्या पायवाटा असतात. आपल्याकडं ती सोय परंपरेनं केली आहे. वारी, परिक्रमा, देवीचा गड या आपल्या लांब पल्ल्याच्या वाटा. त्यांना मुक्काम आहेत, नियम आहेत, वेळापत्रक आहे. जोडप्यांनी त्या कशा चालाव्यात, याचा अनुभवही शतकानुशतकं साठत आला आहे. त्या अनुभवाचं सार थोडं अनपेक्षित आहे: जोडीनं दूर जायचं, तर दिवसभर शेजारी शेजारी चालायचा हट्ट सोडावा लागतो.

कळंब आणि माहूर

यवतमाळकरांची पहिली शाळा म्हणजे कळंब. शहरापासून तेवीस-चोवीस किलोमीटरवर चिंतामणीचं देऊळ आहे. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली गेल्यावर गणपतीचं दर्शन होतं. चतुर्थीला पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत पोचायचं, एवढाच बेत. पण दोघांच्या चालीतला फरक पहिल्यांदा इथंच कळतो. एकाचा वेग ताशी पाच किलोमीटर आणि दुसऱ्याचा चार असेल, तर वीस किलोमीटरला तासाभराचं अंतर पडतं. वेगानं चालणाऱ्यानं पाय आवरत चालावं, तर त्याच्या पोटऱ्या भरून येतात. हळू चालणाऱ्यानं ओढाताण करावी, तर त्याचा दम निघतो. दोघंही दमतात आणि दोघंही कुरकुरतात.

दुसरी इयत्ता माहूर. यवतमाळहून आर्णीमार्गे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे तीन दिवसांचं आरामाचं चालणं. जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरची पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि गडाचे डोंगर दिसू लागतात. नवरात्रात या रस्त्यानं पायी जाणारे जथे भेटतात. माहूर ही जोडप्यांच्या कथांची जागा आहे. एका शिखरावर अत्रींची पत्नी अनसूया, दुसऱ्यावर त्यांचा मुलगा दत्त, तिसरीकडं रेणुका. परशुरामानं कावडीच्या एका पारड्यात वडील जमदग्नींचा देह आणि दुसऱ्यात आई रेणुकेला घेतलं आणि अंत्यविधीसाठी योग्य भूमी शोधत तो इथवर आला, अशी आख्यायिका आहे. कावडीची दोन्ही पारडी एकाच दांडीला असतात, पण एकमेकांपासून पुरेशी लांब. जवळ आली तर चालणाऱ्याच्या पायात येतील. लांबच्या वाटेवरच्या संसाराचं याहून नेमकं चित्र मला तरी सापडलेलं नाही.

मृग आणि आषाढी

यापुढची वाट पंढरीची. यवतमाळहून पंढरपूर पाचशे किलोमीटरच्या वर पडतं. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी साधारण अडीचशे किलोमीटर चालते. त्यामानानं विदर्भाच्या पालख्यांचा पल्ला फार मोठा. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंचक्रोशी, गावं आणि जिल्हे ओलांडत सातशे किलोमीटरच्या वर चालते, त्याला महिन्याहून थोडा अधिक काळ लागतो आणि ती परततेही पायीच. परतीचा शेवटचा खामगाव-शेगाव टप्पा चालायला तर हजारो लोक मुद्दाम येतात.

या अंतराचा परिणाम घराघरात होतो. पश्चिम महाराष्ट्रातली पालखी आषाढीच्या तीनेक आठवडे आधी निघते; तोवर पाऊस चांगला पडला असेल, तर पेरणी उरकून दोघांना निघता येतं. विदर्भातून निघायचं तर मृगाच्या तोंडावर घर सोडावं लागतं. २०२३ मध्ये आषाढी २९ जूनला होती आणि २०२५ मध्ये ६ जुलैला, म्हणजे घरून निघायची वेळ मेअखेर किंवा जूनच्या आरंभी. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. कपाशीच्या मुलखात त्या वेळी वावर तयार करायचं असतं, बियाणं आणायचं असतं, आभाळाकडं डोळे लावून बसायचं असतं. कार्तिकीला जावं म्हटलं, तर पराटी फुटलेली असते आणि वेचणीला हात कमी पडतात.

म्हणून कापसाच्या घरातून वर्षानुवर्षं एकच जण वारीला जातो आणि दुसरा मागं राहतो. मागं राहणाराही वारीच करत असतो, फक्त त्याच्या वाट्याला वावर येतं. दोघं मिळून निघतात ते बहुधा मुलानं शेती हाती घेतल्यावर, सुनेनं घर सांभाळल्यावर. वैदर्भीय दिंड्यांमधल्या जोडप्यांचे केस पांढरे का दिसतात, त्याचं एक उत्तर भक्तीत आहे आणि दुसरं या पेरणीच्या वेळापत्रकात. अधिक ज्येष्ठामुळं २०२६ ची आषाढी २५ जुलैला येते. असं वर्ष आलं की मधल्या वयाच्या जोडप्यांनाही थोडी मोकळीक मिळते. काहींचा मध्यम मार्ग असतो: रेल्वेनं किंवा एसटीनं पुण्याला जायचं आणि आळंदीच्या सोहळ्यातल्या एखाद्या ओळखीच्या दिंडीत सामील व्हायचं.

दिंडीतला दिवस

दिंडीत शिरताना जोडप्याची पहिली ताटातूट होते. दिंडीला क्रम असतो: पुढं पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, मध्ये विणेकरी आणि मागं डोक्यावर तुळस किंवा हंडा घेतलेल्या बाया. नवरा टाळ घेऊन पुढच्या रांगेत, बायको मागं. मध्ये शंभर माणसं. वीस किलोमीटरच्या चालीत दोघांची नजरानजर विसाव्याला झाली तर झाली. पुण्याहून दिवे घाट चढून सासवड गाठायचं, तो बत्तीसेक किलोमीटरचा टप्पा सगळ्यांत मोठा. बहुधा त्या दिवशी एकादशीही असते. पोटात उपास, समोर घाट. तरीही चालीचं भांडण होत नाही, कारण चाल दोघांपैकी कुणाचीच नसते. ती अभंगाची असते. सगळी दिंडी ज्या ठेक्यावर चालते, त्या ठेक्यावर आपलंही पाऊल पडत राहतं.

दिवस पहाटे तीनला सुरू होतो. टँकरच्या पाण्यानं आंघोळ, ओले कपडे पिशवीत, पिशवी ट्रकमध्ये. जेवणाखाण्याची भिशी प्रत्येकानं आधीच भरलेली असते, त्यामुळं बाईच्या माथी रोजची चूल नसते. स्वयंपाकात हात लावणाऱ्या बाया असतातच, पण ‘आज काय करू’ हा प्रश्न महिनाभर कुणी विचारत नाही. घरी हा प्रश्न चाळीस वर्षं रोज दोनदा पडलेल्या बाईला ही केवढी सुटका आहे, हे पुरुषांच्या सहसा ध्यानात येत नाही.

हाक मारायचाही प्रश्न मिटलेला. दिंडीत सगळेच माऊली. एरवी ‘अहो’ किंवा ‘अमक्याचे बाबा’ म्हणणारी बायको पाणी देताना ‘घ्या माऊली’ म्हणते आणि एरवी नाव न घेता खाकरून बोलावणारा नवराही तिला तेच म्हणतो. आधी दोघंही लाजतात, चार दिवसांनी सवय होते.

संध्याकाळी तळावर पालखी आली की समाजआरती. चोपदारांनी चोप उंचावला की लाखाचा जमाव चिडीचूप होतो. मग हरवल्या-सापडल्याची माहिती आणि दुसऱ्या दिवसाची वेळ सांगितली जाते. वारीत मोबाइल आले तरी गर्दीत रेंज मिळेलच असं नाही, बॅटरीही उतरलेली असते. तिथं पत्ता एकच चालतो: दिंडीचा नंबर आणि ती रथापुढची की रथामागची. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीबाईसुद्धा हा पत्ता तोंडपाठ ठेवतात. चुकल्या तरी विचारत विचारत आपल्या पालापाशी येतात. पालात आजोबा तेलाची बाटली काढून बसलेले असतात. मग दिवसाचा खरा सहवास सुरू होतो. फोड कुठं आला ते पाहायचं, तळवे चोळायचे, उद्याची चप्पल बदलायची की तीच ठेवायची ते ठरवायचं. बोलणं पंधरा-वीस मिनिटांचं. पहाटे पुन्हा उठायचं असतं.

वेगळी देवळं

या वेगळं राहून सोबत असण्याला खुद्द पंढरपुरातच आधार आहे. विठोबा गाभाऱ्यात एकटा उभा आहे; रुक्मिणीचं देऊळ त्याच आवारात, पण स्वतंत्र. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात निघून आली आणि देव तिला शोधत द्वारकेहून आला, ही कथा वारकऱ्यांच्या तोंडी असते. म्हणजे पंढरीच्या वाटेवर पहिला चालला तो एक नवरा, तोही बायकोची समजूत काढायला!

त्या रुक्मिणीचं माहेर आमच्या वऱ्हाडात. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, तिवसा तालुक्यात. तिथून दर आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी निघते आणि तिची परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. इतर बहुतेक मानाच्या पालख्यांमध्ये संतांच्या पादुका असतात. ही पालखी माहेराकडून सासरी जाते. वऱ्हाडातल्या बायांना तिच्याबद्दल जो जिव्हाळा वाटतो, तो या नात्यामुळं.

संतांमध्येही जोडपी आहेत. चोखामेळा आणि सोयराबाई दोघांनीही अभंग रचले. चोखोबांचं जन्मगाव म्हणून बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा सांगितलं जातं. एकाच घरातली दोन माणसं एकाच देवाशी आपापल्या शब्दांत बोलली आणि परंपरेनं दोन्ही आवाज वेगळे जपले.

आषाढीच्या पहाटे होणाऱ्या शासकीय महापूजेतही जोडप्याला जागा आहे. मुख्यमंत्री दांपत्यासोबत पूजेला बसण्याचा मान दर्शनरांगेत पुढं उभ्या असलेल्या एका वारकरी दांपत्याला मिळतो. २०२१ मध्ये कोरोनामुळं रांगच नव्हती. त्या वर्षी हा मान वर्धा जिल्ह्यातल्या दांपत्याला मिळाला. मानकऱ्यांना एसटीकडून वर्षभराचा मोफत प्रवास पास दिला जातो. चालत आलेल्यांना बसचा पास देणं हे जरा गमतीचं, पण आता जरा बसून फिरा, असंही त्यात कुणाला वाचता येईल.

नर्मदेची कसोटी

वारीत चाल, जेवण, मुक्काम सगळं दिंडी ठरवते. नर्मदा परिक्रमेत यातलं काहीच कुणी ठरवून देत नाही, आणि म्हणून जोडप्याची कसोटी तिथं लागते. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर चाल अडीच हजारांच्या पुढं. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, चातुर्मासात चालणं थांबवायचं. शास्त्रोक्त परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. आज बरेच जण पाच-सहा महिन्यांत पायी पूर्ण करतात. संध्याकाळी जिथं आश्रय मिळेल तिथं आसन लावायचं. कुठं तयार भोजन मिळतं, कुठं सदावर्तात पीठ-डाळ मिळते आणि लाकडं गोळा करून आपलं आपण शिजवायचं असतं. वऱ्हाडातल्या परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनीही ही परिक्रमा केली होती.

जोडप्याच्या दृष्टीनं जबलपूरच्या अमृतलाल वेगड यांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. १९२८ सालचा जन्म, शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार. १९७७ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी परिक्रमा सुरू केली, पण सलग नव्हे. सुटी मिळेल तसे टप्पे केले. पुढच्या प्रवासांत पत्नी कान्ता त्यांच्यासोबत चालल्या. २०१८ मध्ये वेगड गेले. टप्प्याटप्प्यानं चालायची त्यांची रीत नोकरीपेशातल्या जोडप्यांना फार सोयीची आहे. एका दमात सहा महिने कुणाला मिळत नाहीत, पण दरवर्षी पंधरा दिवस दोघांनाही काढता येतात. शिवाय दर टप्प्यानंतर घरी येऊन पुढचा टप्पा करायचा की नाही, हे दोघांना पुन्हा ठरवता येतं. एकाचा हट्ट दुसऱ्याला सहा महिने वाहावा लागत नाही.

निघण्याआधी

ज्यांच्या मनात आहे, त्यांनी कळंबपासून आरंभ करावा. ते जमलं की लागोपाठ दोन दिवस चालून पाहावं, कारण पायाची खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी असते. मग माहूर, मग वारीचे तीन-चार टप्पे, आणि पूर्ण वारी त्यानंतर. पादत्राणं नवी कोरी घालून निघू नये. महिनाभर वापरून मळलेली बरी. एकानं सगळं सामान उचलायचं आणि दुसऱ्यानं मोकळं चालायचं, हे कौतुकाचं वाटलं तरी दोन दिवसांपलीकडं टिकत नाही. दोघांकडं आपापलं पाणी, आपापली औषधं आणि आपापले पैसे असावेत. चुकामूक झाली तर एकाची पिशवी दुसऱ्याच्या कामी येत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावं आणि उपासाचा हट्ट धरू नये.

आणि सकाळी निघताना एकच गोष्ट बोलून ठेवावी: दुपारी कुठं थांबायचं आणि रात्री कुठं. मधल्या वाटेवर ज्याला त्याला आपापल्या चालीनं जाऊ द्यावं. पुढं पोचलेल्यानं मागच्याला ‘इतका उशीर?’ असं विचारू नये. तेवढं पाळणारी जोडपी पंढरपूरही गाठतात आणि घरी आल्यावर पुढच्या वर्षाचीही आखणी करतात.